चुलींची मोजणी

३१ जानेवारी, शनिवार

बद्री न्हावी सकाळीच येऊन गेला. दारातूनच तेच नेहमीचं — "बेनजी, पटेल साब के यहाँ तेरवीं है. एक को न्योतो." बावीस वर्षं झाली नीमखेड्याच्या शाळेत शिकवतेय. त्यातली अकरा इथेच, भाड्याच्या खोलीत. आणि माझ्या वाट्याला कायम 'एक को न्योतो'!

इथली पद्धत अशी. ज्यांच्याशी नुसती ओळख, त्यांच्या घरातून एका माणसाला बोलवायचं. जे गावाचे, आपले, त्यांना 'चूलो बंद' — म्हणजे त्या दिवशी त्या घरात चूल पेटवायची नाही, लहानथोर सगळ्यांनी जेवायला यायचं. न्योता सांगायचा मान बद्रीचा. कुणाला चूलबंदच्या जागी चुकून 'एक' सांगितलं गेलं तर दोन घरं वर्षानुवर्षं एकमेकांचं तोंड बघत नाहीत. मी मात्र एकटी. एक सांगा नाही तर चूल बंद सांगा, जेवायला जाणार एकच. गणिताची बाई आहे मी, मला यात फरक दिसत नाही.

घरमालकीण सज्जनबाईंच्या घराला अर्थातच चूलबंद. बाई आज झकास जेवल्या. सहा पुऱ्या, दोनदा कढी, वर तीन लाडू! पंचाहत्तरी उलटलीय. मी चिडवलं, "अम्माजी, आज तो इकतीस तारीख. आपका उपास?" दर एकतीस तारखेला त्यांचा उपास असतो. म्हणाल्या, "न्योता में सब चले, बेनजी." सोयीचं व्रत! कुठल्या देवाचं ते अजून कळलेलं नाही.

६ फेब्रुवारी, शुक्रवार

शाळेत पत्र आलं. नीमखेड्याची नगर परिषद होणार. त्याआधी घराघराची मोजणी, आणि ती करायची मास्तरांनी. बरोबर आहे, दुसरं कोण रिकामं बसलंय!

गाव कधी संपलं ते मला सांगता येणार नाही. मी आले तेव्हा बस फाट्यावर सोडायची आणि पुढे दोन किलोमीटर सोयाबीनच्या मधून चालायचं. मग सांवेर रोडचे कारखाने सरकत सरकत इथवर आले, कामगारांना खोल्या हव्या झाल्या, लोकांनी गोठे पाडून खोल्या बांधल्या. मग शेतं कॉलनीवाल्यांनी घेतली. आता फाट्यावर 'नीमखेडा स्क्वेअर' अशी पाटी आहे, तिच्याखाली मोमोची गाडी. मधला मोठा कडुनिंब रस्त्याच्या ऐन मध्यात आलाय, त्याच्या बुंध्याला चमकणारी पट्टी चिकटवलीय. बद्रीच्या दुकानाला काचेचं दार लागलंय. कुणाला वाईट वाटतं, कुणाला आनंद होतो. मला दोन्ही नाही. माझं इथे काय आहे? ३१ मार्चला निवृत्ती, की शहरात, तुकोगंजात शंतनुकडे. भाचा चांगला आहे. माझ्यासाठी खोली रंगवून ठेवलीय म्हणतो.

१३ फेब्रुवारी, शुक्रवार

तहसिलीत मोजणीचं प्रशिक्षण. रजत नावाचा तिशीतला अधिकारी. मुद्द्याचं बोलला — "मैडम, पहले रसोई गिनिए, फिर आदमी. छत एक हो, दीवार एक हो, कोई मतलब नहीं. जो एक चूल्हे का खाते हैं वो एक परिवार." मला आवडलं. व्याख्या असावी तर अशी.

१९ फेब्रुवारी, गुरुवार

आजपासून गावात कचरागाडी. भोंगा वाजवत आली. बायका निळे-हिरवे डबे घेऊन रांगेत उभ्या. सज्जनबाई चुलीची राख घमेल्यात घेऊन आल्या — "भिया, राख गीली में के सूखी में?" गाडीवाला गडबडला. इतकी वर्षं शहरात गाडी चालवतोय, राख कुणी दिलीच नव्हती त्याला! शेवटी बाईंनी ती परत नेऊन अंगणातल्या तुळशीत टाकली.

२८ फेब्रुवारी, शनिवार

महिना संपला. सज्जनबाईंना म्हटलं, फेब्रुवारीत एकतीस नाही, तुमचा उपास हुकला. हसल्या. "म्हके तो फागुण मईनो घणो अच्छो लागे, बेनजी."

५ मार्च, गुरुवार

होळी झाली. हातांचा रंग जात नाहीये. शनिवारपासून मोजणी.

११ मार्च, बुधवार

चार दिवसांत एकशे बारा घरं. प्रत्येकाला वेगळी चूल दाखवायची आहे! कुणीतरी कंडी पिकवलीय की नगर परिषद झाल्यावर नळ चुलीमागे एक मिळणार. एका घरात मला न्हाणीघरात नेऊन शेगडी दाखवली. "ये छोटे का किचन." शेगडीवर साबण होता. एकाने तर सांगितलं, "मैं और घरवाली अलग खाते हैं." बायको मागून ओरडली, "तो फिर कल से बना लेना!" मी एक लिहिलं आणि निघाले. चहा मात्र कुठेच पीत नाही. मोजणारीने कुणाचं खाऊ-पिऊ नये.

१७ मार्च, मंगळवार

आज आमचीच बिल्डिंग. सगळ्यात सोपी म्हणून शेवटाला ठेवली होती. सज्जनबाईंची दोन मुलं. पहिल्या मजल्यावर थोरला मनीष, त्याची बायको पूर्णिमा आणि दोन मुली. दुसऱ्यावर धाकटा नंदू, त्याची बायको, दोन मुलगे. खाली पुढे माझी खोली. मागे अंगण, अंगणाला लागून सज्जनबाईंची खोली, आणि अंगणात मातीची चूल. रोज सकाळी सहाला तिचा धूर माझ्या खिडकीत येतो. अकरा वर्षं धूर बघतेय, म्हणून मी गृहीत धरलं होतं — एक चूल, एक कुटुंब, नऊ माणसं. फॉर्मवर पेन्सिलीने लिहूनही टाकलं होतं.

वर गेले तर पूर्णिमाच्या घरात गॅस, चिमणी, चकचकीत ओटा. नंदूकडे तेच, नुसता रंग वेगळा. दोन वर्षं झाली म्हणे, वेगळं शिजतंय. खाली राहून मला पत्ता नाही! मग अम्माजी कुठे जेवतात? पूर्णिमाने शांतपणे सांगितलं. ती वाईट बाई नाही, सरळ आहे. "थाली नीचे भेज देते हैं न. एक, तीन, पाँच — वो तारीखें हमारी. दो, चार, छह उनकी."

मी म्हटलं, ठीक.

"बस इकतीस का झंझट था. इकतीस भी हमारी, फिर एक भी हमारी. दो दिन लगातार हमें ही क्यों? तो तय हुआ कि इकतीस किसी की नहीं."

हिशोब बरोबर आहे. एकतिसानंतर एक येतो. दोन्ही विषम. मी स्वतः सहावीला शिकवते.

खाली आले. सज्जनबाई चुलीपुढे बसल्या होत्या. पातेल्यात नुसतं पाणी. दोन वर्षं रोज ती चूल पेटते ती आंघोळीच्या पाण्यासाठी — आणि धुरासाठी. गावाला दिसावं की या घरात चूल एकच आहे. मी काही बोलायच्या आत त्याच म्हणाल्या, "बेनजी, म्हके न्यारो मत लिखजो." म्हणजे वेगळं लिहू नका. "लोग कई केगा?" लोक काय म्हणतील, ही भीती.

मी त्यांना सोयीचा उपास म्हणून चिडवलं होतं. लाज वाटली. अजून वाटतेय.

१८ मार्च, बुधवार

शाळा. वार्षिक पेपरांचे गठ्ठे अजून पडलेत. काही केलं नाही.

२० मार्च, शुक्रवार

दोन्ही भावांना बोलावलं. सांगितलं, तुमच्या चुली दोन. दोन कुटुंबं लिहीन. अम्माजी कुणाच्या यादीत?

मनीष म्हणाला, "मम्मी तो सबकी है, मैडमजी. कहीं भी लिख दो." मग मनीषच्या यादीत लिहू लागले तर नंदू उठून उभा. अंगण आणि मागची खोली अजून अम्माजींच्या नावावर आहे. त्यांचं नाव ज्याच्या यादीत, उद्या अंगण त्याचं, असं त्याला वाटतं. बरं, मग नंदूच्या यादीत? आता मनीषच्या नाकाला मिरच्या! अंगणात त्याला गाड्या लावायला शेड घालायचंय. अर्धा तास हे. आवाज कुणीच चढवला नाही, इतकंच. शेवटी नंदूनेच तोडगा काढला — "एक काम करो. लिखो ही मत. झगड़ा ही खत्म."

मनीष मान हलवत होता. त्याला खरोखर हायसं वाटलं होतं. त्याच्या मते यात अम्माजींचं काही बिघडत नव्हतं, थाळी तर जातच राहणार.

यादी ५ एप्रिलला बंद होणार.

२२ मार्च, रविवार

शंतनु आला होता, खोक्यांसाठी मापं घ्यायला. टेंपो १ एप्रिलला. त्याला सगळं सांगितलं. म्हणाला, "आत्या, तू कशाला टेन्शन घेतेस यार? दोघांपैकी कुणाच्याही नावापुढे टिक कर, और निकल ले." त्याचं खरं आहे. बावीस वर्षं मी इथे कशात नाक खुपसलं नाही. पोरांना अपूर्णांक शिकवले, पगार घेतला, घरी आले. याच्याबद्दल मला थोडा अभिमानसुद्धा होता.

२६ मार्च, गुरुवार

आज सव्वीस. सम. नंदूकडची थाळी आली. झाकण ठेवून पायरीवर ठेवली आणि पोरगा वर पळाला. वरण थंड होतं. आता मी हेही बघायला लागलेय.

२७ मार्च, शुक्रवार

खूप वैताग. दोन वेळा पेन हातात घेतलं. वेगळी लिहिली तर ती बाई गावात तोंड दाखवणार नाही. एकाच्या यादीत लिहिली तर खोटं, आणि वर भांडण. नाही लिहिली तर ती नाहीच. उद्या नगर परिषदेच्या कागदावर नीमखेड्यात सज्जनबाई नावाची बाई राहतच नाही! मग नुसता धूर.

आणि मला काय त्याचं? पाच दिवस राहिलेत.

३१ मार्च, मंगळवार

निरोपसमारंभ. शाल, नारळ, भिंतीवरचं घड्याळ. नव्या मुख्याध्यापकांनी माझ्या नावात चूक केली, दोनदा. मुलींनी चिठ्ठ्या दिल्या. एकीने लिहिलं होतं, 'आपकी वजह से मुझे भाग आता है'. भागाकार म्हणायचं असणार. हीच एक जपून ठेवली. समोस्यांची पाकिटं वाटली. मी माझं उघडलं नाही.

पाचला घरी आले. खोकी बांधलेली. मागच्या अंगणात सज्जनबाई बसल्या होत्या, चूल थंड. आज एकतीस.

"उपास?" मी विचारलं.

"उपास," त्या म्हणाल्या.

मग खोलीत जाऊन बांधलेलं खोकं फाडलं. पीठ काढलं, तुरीची डाळ, तवा, दोन ताटल्या. चूल मला पेटवता येत नाही! अख्खी काड्यांची पेटी संपवली. सज्जनबाई आधी बघत राहिल्या, मग हसायला लागल्या, मग मला ढकलून स्वतः बसल्या. "गैस वाली बई!" पोळ्या मी लाटल्या, शेकल्या त्यांनी. वरण माझं — आमसूल आणि गूळ घालून. पहिल्या घासाला म्हणाल्या, "या तो मीठी है!" आणि तीन वाट्या घेतल्या.

वरच्या मजल्यावरून पूर्णिमा कठड्याशी येऊन बघून गेली. रडले थोडी. धुरावर ढकललं.

जेवण झाल्यावर मी फॉर्म काढला आणि त्यांना विचारलं. न्यारो नाही लिहिणार. पण कुणाबरोबर लिहिलं तर चालेल का? चुलीला दोघी असतील तर?

बराच वेळ निखारे ढोसत राहिल्या. "भेला?" त्यांनी विचारलं. भेला म्हणजे एकत्र.

"भेला," मी म्हटलं.

१ एप्रिल, बुधवार

टेंपो परत पाठवला. ड्रायव्हर वैतागला. शंतनु त्याहून जास्त. "आत्या, एप्रिल फूल आहे का?" रविवारी येऊन समजावतो म्हणतोय. येऊ दे.

सकाळी पूर्णिमाची थाळी आली, विषम तारीख. सज्जनबाईंनी पोरीबरोबर परत पाठवली. "के दे तारी मम्मी के, म्हारो चूलो चाली रियो है." घाबरत सांगितलं त्यांनी, पण सांगितलं.

नियम साधा आहे. एका चुलीवरचं खाणारे ते एक कुटुंब. चार दिवस रोज जेवू, मग लिहीन. खोटं मी लिहिणार नाही.

४ एप्रिल, शनिवार

लिहिलं. कुटुंबप्रमुख — सज्जनबाई. व्यक्ती — दोन. दुसरी मी. रजतला फोन केला, मोजणारीनेच स्वतःला लिहिलेलं चालतं का? म्हणाला, "राउंड आपका, घर आपका, कौन लिखेगा? लिखिए." मग संगणकावर नोंद चढवताना अडला. "मैडम, मुखिया से संबंध क्या डालूँ?" यादीत बायको, मुलगा, सून, सासू, नातू, नोकर सगळं होतं. शेवटी 'अन्य' होतं.

अन्य भरलं.

८ एप्रिल, बुधवार

यादी पंचायतीच्या भिंतीवर लागली. दुपारपर्यंत सगळ्या गावाला कळलं की या बिल्डिंगीत चुली तीन आहेत. नंदू खाली आला. "बेनजी, आप तो किराएदार हो. आपने हमारी माँ को बाँट दिया." मी म्हटलं, मी तर जोडलं, बेरीज केलीय. वाक्य शहाणपणाचं होतं, पण त्याच्या डोळ्यांत पाणी होतं. पुढची खोली महिनाअखेर रिकामी करा म्हणाला. मागून सज्जनबाई — "कर देगी. म्हारा कमरा में दो खाट आवे."

सज्जनबाई दिवसभर दारात बसल्या नाहीत. माझ्यामुळे. हे मी केलंय, तेही लिहून ठेवते.

१२ एप्रिल, रविवार

शंतनु आला, समजावायला. वरण-पोळी खाऊन गेला. रंगवलेल्या खोलीचं काय करू विचारत होता. मी म्हटलं, भाड्याने दे.

पटेलांच्या नातवाचं लग्न आखातीजला, म्हणजे अक्षय तृतीयेला, १९ तारखेला. पत्रिका छापून आल्या. पहिली खजराण्याच्या गणपतीपुढे ठेवून आले, बाकी सगळ्यांना मोबाइलवर. मलाही आली, नाचणाऱ्या अक्षरांची. सज्जनबाईंकडे मोबाइल नाही. रोज सकाळी रस्त्याकडे बघत बसतात. दारात बसायला लागल्या, हे बरं. गावाने या घरात एकच चूल धरून न्योता दिला इतकी वर्षं. आता तीन चुली भिंतीवर लागल्यात. वरच्यांना येईल. आमच्याकडे बद्री येईल का, आणि आला तर काय म्हणेल?

१७ एप्रिल, शुक्रवार

बद्री आला! आधी पहिल्या मजल्यावर गेला, मग दुसऱ्या. आम्ही दोघी कान देऊन बसलेल्या. मग जिना उतरला. मला वाटलं, निघाला. पण तो वळून मागे आला, अंगणात. चपला काढल्या. चुलीकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, सज्जनबाईंकडे बघितलं. पटेलांच्या घरच्यांनी मोबाइलवर पाठवून काम भागवलं होतं म्हणे, पण म्हातारे पटेल ऐकेनात, त्यांना न्योता तोंडीच हवा.

"माँसाब, बेनजी. पटेल साब के यहाँ ब्याव है, आखातीज को. जीमवा आवजो." आणि मग जरा थांबून — "चूलो बंद."

१९ एप्रिल, रविवार

आज आम्ही चूल पेटवली नाही.